पाहुण्याला चांगली बोट द्या

आपल्या आयुष्यात परदेशी माणूस दोनच रूपांत येतो. एक तर क्लायंट म्हणून, नाहीतर मॅचमधला शत्रू म्हणून.

क्लायंट येणार म्हटलं की हापिसात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. रिसेप्शनपाशी रांगोळी, गळ्यात झेंडूचा हार, मुलींना साड्या आणि मुलांना झब्बे घालून यायचं मेल, दुपारी 'नॉट सो स्पायसी' मिसळ. तो काहीही बोलला तरी आपण माना डोलावतो. वाद घालायचा नाही, हरवायचं तर मुळीच नाही. आणि रविवारी हाच माणूस टीव्हीवर निळ्याऐवजी दुसऱ्या रंगाची जर्सी घालून दिसला की आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. मधलं काही नाहीच. ज्याला मनापासून हरवायचंय, पण त्याचा मुक्काम आपल्याच घरी आहे, असा पाहुणा आपल्यातल्या फारच थोड्यांना भेटलेला असतो.

असा पाहुणा रोइंगमध्ये भेटतो. हा वीकांत मी त्यावरच खर्च करणार आहे. ज्यांना रोइंग म्हणजे लोणावळ्याच्या तळ्यातली पायडल बोट वाटते त्यांनी जरा धीर धरा :)

1898 साली मद्रास बोट क्लब आणि कोलंबो रोइंग क्लब यांची पहिली शर्यत झाली, कोलंबोला. हे दोन्ही क्लब तेव्हाही जुनेच, मद्रासचा 1867 चा आणि कोलंबोचा 1864 चा. तेव्हापासून मद्रासचं चेन्नई झालं, सिलोनचं श्रीलंका झालं, दोन महायुद्धं झाली, दोन देश स्वतंत्र झाले, पण ही चुरस टिकली. एकदा यांनी तिकडे जायचं, एकदा त्यांनी इकडे यायचं. पुरुषांची दीपम ट्रॉफी, बायकांची अड्यार ट्रॉफी. ही अड्यार म्हणजे चेन्नईतली नदी, मद्रासचा क्लब तिच्याच काठावर आहे. बक्षीस म्हणून पैसे किती, असं विचाराल तर विचारू नका.

आता म्हणाल, हे चेन्नईचं झालं, आपलं काय? आपलं पुणं यात पहिल्यापासून आहे. बोट क्लब रोडवरून रोज कॅबने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की त्या रस्त्याला ज्याचं नाव आहे तो रॉयल कॅनॉट बोट क्लब 1868 चा आहे? बंडगार्डनच्या बंधाऱ्याने मुळा-मुठेचं पाणी अडवलं, वर लांबच लांब संथ पाणी साठलं, आणि साहेबाला थेम्सची आठवण आली. (साहेबाला कुठलंही पाणी दिसलं की थेम्स आठवायची, हा भाग वेगळा.) पुढे कलकत्ता, मद्रास, कोलंबो, कराची, पुणे अशा क्लबांनी मिळून अमॅच्युअर रोइंग असोसिएशन ऑफ द ईस्ट नावाची संघटना उभी केली. यातल्या 'अमॅच्युअर' या शब्दाकडे मी नंतर येणार आहे, तो साधा दिसतो तेवढा साधा नाही. पण यादी पुन्हा एकदा वाचा. कराची बोट क्लब, स्थापना 1881. पुणे, कलकत्ता आणि कराची एकाच संघटनेत, एकाच पाण्यावर. क्रिकेटमध्ये आपण हे हल्ली कल्पनेत तरी आणू शकतो का?

आणि इंजिनियरिंग कॉलेज. सीओईपीचा बोट क्लब 1928 चा, कॉलेजमागे मुळेच्या काठी. मी तिथलाच. तो गोऱ्यांच्या जिमखान्यासारखा नव्हता, पोरांनीच चालवलेला क्लब होता आणि आहे. दरवर्षीची रेगाटा ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. संध्याकाळ उतरते, कयाक पाण्यावर फेर धरतात, अंधार पडला की मशाली पेटतात, आणि काठावरच्या प्रेक्षकांत आपली आई कुठे बसलीय ते वल्हं मारणाऱ्याला अजिबात दिसत नाही. त्याविषयी कधीतरी वेगळं लिहीन. आज पाहुण्यांबद्दल.

तर या खेळात पाहुणा आला की एक गंमत होते. बॅडमिंटनवाला आपली रॅकेट घेऊन येतो, क्रिकेटवाला किटबॅग घेऊन येतो. रोइंगवाला काय आणणार? आठ जणांची बोट, तिला 'एट' म्हणतात, जवळजवळ 18 मीटर लांब असते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तिचं वजन निदान 96 किलो. चेक-इन बॅगेजमध्ये कशी टाकणार? अगदी एकट्याची बोट घेतली, सिंगल स्कल, तर ती 14 किलोची, म्हणजे आपल्या दिवाळीच्या फराळाच्या बॅगेपेक्षा हलकी. पण लांबी आठ मीटर. विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे कसा बघेल ते डोळ्यापुढे आणा.

म्हणून पाहुणे येतात ते रिकाम्या हाताने, फार तर आपली जर्सी घेऊन. बोट द्यायची यजमानाने. म्हणजे ज्याला हरवायचं त्याला आपल्याच शेडमधली बोट काढून द्यायची, आणि नुसती देऊन भागत नाही. त्या बोटीत पाय बांधायची फळी असते, ती पाहुण्याच्या उंचीप्रमाणे पुढेमागे करून द्यायची. बाहेर आलेले रिगर असतात, ज्यावर वल्हं टेकतं, त्यांची उंची त्याच्या बसण्याप्रमाणे लावायची. चाकांवरची सीट अडकत नाही ना बघायचं. तिच्या रुळांत वाळूचा एक कण गेला तरी दोन हजार मीटरमध्ये माणूस रडकुंडीला येतो. हे सगळं करायला पाना आपल्या हातात, आणि शर्यत आपल्याशीच.

इथे लबाडी किती सोपी आहे बघा. कोणी चोरी म्हणणार नाही. जुनी, थोडी जड बोट काढली, एक नट अर्धा फेरा सैल सोडला, की झालं. कोडमध्ये बग सोडण्यापेक्षा सोपं, आणि टेस्टिंगला वेळही नाही. म्हणून तर चांगल्या क्लबांत चिठ्ठ्या टाकतात, किंवा दुसऱ्या फेरीला बोटी बदलून घेतात. पण नियम काहीही करा, शेवटी सगळं येऊन थांबतं ते यजमानाच्या पान्यावर. माझं म्हणणं असं की मैत्रीची चुरस मैत्रीची ठरते ती शर्यतीनंतरच्या जेवणावळीत नव्हे, ती आदल्या संध्याकाळी शेडमध्ये ठरते. पाहुण्याला चांगली बोट दिलीत तर तुम्ही त्याला बरोबरीचा मानलंत. मग हरवा हवं तितकं.

आम्हाला कॉलेजात एका सीनियरने हेच शिकवलं होतं, पण त्याची भाषा निराळी होती. "भ*वी बोट देऊन जिंकलास तर कोण जिंकलं, तू का बोट?" (सेन्सॉर माझं.)

आणखी एक सांगतो, हे रोइंग न केलेल्यांना माहीत नसतं. वल्हं मारणारा उलटा बसतो. त्याची पाठ शेवटाच्या रेषेकडे. जो मागे पडलाय तो त्याला समोर दिसतो, जो पुढे गेलाय तो दिसतच नाही, फक्त त्याच्या वल्ह्यांचे आवाज पाठीमागून येतात. म्हणजे तुम्ही जिंकत असाल तर पूर्ण वेळ पाहुण्याच्या पाठीकडे बघत बसायचं, त्याच्या पाठीला येणारा घाम, त्याचं लय चुकणं, सगळं. एवढा वेळ एखाद्याचे हाल बघितल्यावर त्याचा द्वेष करणं अवघड जातं, असा माझा तरी अनुभव आहे.

2008 च्या जुलैत मी ऑनसाइट होतो, रीडिंगला. आपली अर्धी आयटी त्या पट्ट्यात असते, रीडिंग, स्लाव, सगळीकडे कांदेपोह्यांचे वास. तिथून हेन्ली जवळ. हेन्लीची रेगाटा 1839 पासूनची, आणि तिथे एका वेळी दोनच बोटी सुटतात. एक जिंकते, एक घरी जाते. हरलेली बोट शेवटाच्या रेषेपलीकडे वल्ह्यांवर ओणवी पडलेली असते, आणि तशातच त्यांच्यातला एक जण कसाबसा मान वर करून समोरच्यांसाठी थ्री चीअर्स म्हणतो. मी दोन तास काठावर उभा राहून तेवढंच बघत होतो. बरोबरचा मित्र कंटाळून बार्बेक्यूकडे गेला.

आता इथवर वाचून कोणाला वाटेल की हा साहेबाच्या सभ्यपणाचे गोडवे गातोय. थांबा. तो 'अमॅच्युअर' शब्द आठवतो ना? 1879 साली हेन्लीने अमॅच्युअर कोण याची व्याख्या केली. जो पैशासाठी हातकाम करतो, कारागीर आहे, मजूर आहे, तो अमॅच्युअर नाही. आणि जो कधीही बोटींच्या आसपास पगारी कामाला होता, तोसुद्धा नाही. म्हणजे पोटासाठी वल्हं मारणाऱ्याला वल्हं मारायच्या शर्यतीत बंदी! तेव्हाच्या विनोदी मासिकांना यावर वेगळं काही लिहायची गरजच नव्हती.

हा नियम पाहुण्यांवरही चालला. 1920 साली अमेरिकेच्या जॉन केलीचा अर्ज हेन्लीने परत पाठवला. तो फिलाडेल्फियाचा गवंडी, विटा रचून वर आलेला. त्याच्या क्लबाशीही हेन्लीचं जुनं भांडण होतं, म्हणून नेमकं कारण कुठलं यावर अजून वाद आहे. पण गडी त्याच वर्षी ऑलिंपिकला गेला आणि दोन सुवर्णपदकं घेऊन आला. (ग्रेस केली नावाची नटी आठवत असेल, तिचे हे वडील.) 1936 मध्ये तर कमाल झाली. ऑस्ट्रेलियाचे आठ जण बर्लिन ऑलिंपिकला चालले होते, वाटेत हेन्लीला थांबले. आठही जण पोलीस. त्यांना सांगितलं, पोलीस म्हणजे हातकाम, तुम्हाला मुख्य शर्यतीत उतरता येणार नाही. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेल्या पाहुण्याला बोटीत बसूच दिलं नाही. बोभाटा झाला आणि 1937 मध्ये तो नियम गेला. केलीच्या मुलाने 1947 आणि 1949 साली तिथेच डायमंड स्कल्स जिंकून बापाचा हिशेब चुकता केला.

हे मी इतकं रंगवून का सांगतोय? कारण मी सरावलीचा. डहाणू तालुका, पूर्वीचा ठाणे जिल्हा, 2014 पासून पालघर. डहाणूकडे जाणाऱ्या लोकलमधून खाडी दिसली की अजूनही मी पुस्तक मिटतो. त्या पट्ट्यात मांगेला आणि इतर मच्छीमारांची पोरं वल्हं कधी शिकली हे त्यांना सांगता येणार नाही, जसं आपल्याला चालायला कधी शिकलो ते सांगता येत नाही. आता मशीनच्या बोटी आल्या, पण खाडीतली छोटी होडी अजून हातानेच चालते. मी पुण्याला आल्यावर पहिल्या वर्षी गावाकडच्या एका काकांना सांगितलं, कॉलेजात वल्हवायला शिकतोय. ते इतके हसले की बिडी विझली. "ये शिकायला कालेज लागतं?" म्हणाले. मग विचारलं, मासळी किती मिळते. म्हटलं, काही नाही. मग तर विचारूच नका.

पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. ज्यांना वल्हं, ओहोटी, वारा हे सगळं जन्मजात येतं, त्यातला किती जणांना आपल्या क्लबांच्या बोटीत कोणी बसवलं? 1879 चा नियम कागदावरून गेला, पण सभासदत्वाच्या फीमधून तो आजही आत येतो. खाडीत भरती-ओहोटीच्या लाटांवर शर्यतीची नाजूक शेल बोट चालत नाही, हे मलाही कळतं. सरावलीत हेन्ली भरवा असं मी म्हणत नाही. पण तिथल्या पोराला पुण्यात आणता येतं की. आत्ता त्याला एकच दार उघडं आहे, लष्कराचं.

त्या दारातून आलेला एक माणूस तुम्हाला माहीतच आहे. दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, तिथे पाण्याचा टँकर येतो तर नदी कुठून येणार. वडिलांबरोबर विहिरी खणायचं काम केलं, 2012 साली फौजेत गेला, आणि फौजेने बोटीत बसवलं. सुरुवातीला त्याला पाण्याची भीती वाटायची. चार वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या स्कलमध्ये तेरावा आला. 2018 च्या एशियाडमध्ये चौघांच्या बोटीत सुवर्ण. चार वर्षं! आपल्याकडे चार वर्षांत लोकांचं ज्युनियरमधून सीनियर डेव्हलपर होत नाही. विहिरी खणणारा पोरगा चार वर्षांत तिथवर जातो, तर जन्मापासून वल्हं मारणारा किती जाईल याचा हिशेब तुम्हीच करा. सीएमईचं लष्करी रोइंग केंद्र आपल्या दापोडीत आहे, परदेशात नाही.

बरं, बोट झाली, माणूस झाला. आता पाणी.

1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये रोइंग पहिल्यांदाच आलं. दिल्लीत जागा नव्हती म्हणून शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावात घेतल्या. आशियाभरातून पाहुणे आले, राजस्थानात वल्ही मारून गेले. पुढे त्या तलावात पाणी यायचंच थांबलं. पाणलोटात अतिक्रमणं झाली, ओढे अडले, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि तळ्याचं मैदान झालं. ज्या पाण्यावर आपण आशियाचं यजमानपद केलं ते पाणीच राहिलं नाही.

पुण्याचं उलटं आहे. आपल्याकडे पाणी आहे, पण ते काय आहे ते संगम पुलावरून गाडीची काच खाली करून बघा. अर्ध्या मिनिटात वर कराल. उन्हाळ्यात जलपर्णी इतकी माजते की तिच्यावर क्रिकेट खेळता येईल असं वाटतं. तिच्यात वल्हं अडकलं की ते उलटून पोटात बसतं, रोइंगवाले त्याला क्रॅब पकडणं म्हणतात. आमच्या नदीत खेकडा एवढाच उरला. शुद्धीकरणासाठी जपानच्या जायकाशी 2016 मध्ये कर्जाचा करार झाला, 11 नवी सांडपाणी केंद्रं ठरली. 2022 मध्ये 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेची पायाभरणी झाली. या दोन्हीवर पुण्यात भरपूर भांडणं झालीत, पर्यावरणवाल्यांची, पालिकेची, कोर्टांची, पुलाखालून पाणी कमी आणि कागद जास्त वाहिले. मी त्यात तज्ज्ञ म्हणून पडत नाही.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. या सगळ्या भांडणात नदीकडे बघायची जागा एकच, काठ. काठावर काँक्रीट की झाडं, सायकल ट्रॅक की पक्षी. नदीच्या आत बसलेला माणूस कोणाच्याच चित्रात नाही. रोइंग करणाऱ्याचं नाक पाण्यापासून दोन फुटांवर असतं. बोट उलटली तर ते पाणी तोंडात जातं. काठ कितीही चकचकीत करा, त्याला तो पाठमोराच असतो. माझी साधी कसोटी आहे: कोलंबोची बोट पुण्यात बोलवा, आणि उद्या तुमच्यातला एक पोरगा या पाण्यात पडला तर आम्ही त्याला काय इंजेक्शन देणार आहोत हे न सांगता बोलवता येतंय का बघा. सांडपाण्याचं लिटरमधलं मोजमाप पालिकेला करू द्या. यजमानाला हे एक मोजमाप पुरे.

मित्र म्हणतात, अरे, पुण्यात प्यायच्या पाण्याची बोंब, खड्डे, ट्रॅफिक, आणि तुला पडलीय चाळीस-पन्नास जणांच्या हौसेची. मान्य, हौसच आहे. पण घरात पाहुणा येणार म्हटलं की आपण काय काय करतो ते आठवा. वर्षभर न निघालेली जळमटं निघतात, मोरी घासली जाते, गळका नळ दुरुस्त होतो. एरवी तो नळ आपल्याला चालतो, आपल्या मुलांना चालतो. पाहुण्याला चालणार नाही म्हणून प्लंबर येतो. आपला स्वभाव असा आहे तर असू दे, निदान त्याचा उपयोग तरी करून घेऊ. नदी स्वतःसाठी साफ करणं आपल्याला जमलेलं नाही. पाहुण्यांसाठी जमतंय का बघू.

आणि नुसतं गोऱ्या पाहुण्यांसाठी नको. कोलंबो घ्या, ढाका घ्या, व्हिसा मिळेल तेव्हा कराचीही घ्या. यांच्यापैकी कोणीही आपला क्लायंट नाही. यांच्यासमोर इंग्रजी सुधारून बोलायची गरज नाही, टाइमझोन सांभाळायची गरज नाही. फक्त चांगली बोट काढून द्यायची आणि मग जीव खाऊन ओढायचं.

डहाणूचं म्हणाल तर तिकडेही परदेशी पाहुणे येणारच आहेत. 2024 च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली, विरोध असतानाच. कंटेनरची जहाजं येतील, त्यावर परदेशी खलाशी असतील. त्यांच्याशी शर्यत लावायची माझ्या गावाकडच्या त्या काकांची अजून तयारी आहे, बोट कुठलीही द्या म्हणतात.

सीओईपीची रेगाटा साधारण मार्चच्या आसपास असते. तिकीट काढा, संध्याकाळी जरा लवकर या, रुमाल बरोबर आणा. शो सुरू व्हायच्या आधी बोटींच्या शेडकडे डोकावता आलं तर बघा, तिथे कोणीतरी पाना घेऊन दुसऱ्याच्या बोटीखाली आडवा पडलेला असेल.